पाठमोरा

लेमविगच्या थिएटरात मी पियानो वाजवायचो,
लोकांकडे पाठ, मान पडद्याकडे वळवलेली.
रात्रीचे दोन क्रोनर, आणि पायाशी एक शेगडी
जी माझ्यापेक्षा पियानोसाठी जास्त पेटवलेली असायची.

त्या हिवाळ्यात आला तो दोन भावांचा बोलपट.
नव्हे, मूकपट. जीभ आता सवयीनं घसरते.
पाच रिळं. एक दीपगृह, दोन भाऊ,
आणि होडीतून आलेली शाळामास्तरांची मुलगी.
थोरल्याला दाढी, धाकट्याचे केस कुरळे,
म्हणजे कुणावर चिडायचं
ते पहिल्या रिळातच ठरलेलं.

थोरला मुठी वळायचा, मी खर्जात उतरायचो.
धाकटा टोपी काढायचा, मी वर चढायचो.
मग पाटी यायची :
'ती माझी होईल, नाहीतर समुद्राची.'
बायका रुमाल शोधायच्या,
कोळी खाकरायचे,
आणि मागे पहिल्या रांगेत सिसेल हसायची.
मोठ्यानं. आपलं हसू केवढं आहे
ते तिला ठाऊक नव्हतं.
लहानपणी तापात कान गेलेले तिचे.
लोकांचे कोट उलटवून शिवायची, लढाईची वर्षं होती ती,
नवं कापड होतं कुठे?

नवव्या रात्री, रीळ बदलताना, मी तिला खुणेनं विचारलं.
पियानोच्या लाकडावर एक तळवा टेकून
तिनं शिवणाच्या खडूनं
मांडीवरच्या काळ्या तुकड्यावर लिहिलं :
'थोरला म्हणतो, दाढी सुटतेय माझी, हसू नकोस.
धाकटा विचारतो, लोणी कितीला मिळालं तुला?'

झालं. त्यानंतर मला धड चिडता येईना.
डावा हात वादळ उठवायचा
आणि मला लोण्याचा भाव आठवायचा.

आणि मुलगी? मी लिहिलं.
कारण पाच रिळांत तिच्या वाट्याला एकही पाटी नव्हती.
ती वळायची, कपाळाशी हात न्यायची,
खडकावर उभी राहायची वाऱ्यात.
सिसेलनं कापड झटकलं.
बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग बारीक अक्षरात :
'शेवटी ते दोघं पाण्यात झुंजतात ना, तेव्हा
ती पडद्याबाहेरच्या कुणाला तरी सांगते,
पुरे ना आता, मला थंडी वाजतेय.
तीनदा सांगते.'

दारात तिकिटं फाडायचा माझा भाऊ, आन्कर.
तो तिच्याशी समोरून बोलायचा,
कंदील तोंडाजवळ धरून,
एकेक शब्द उकडलेल्या बटाट्यासारखा सोलून.
आणि मी सगळ्या गावाला रडवायचो रोज,
एक तिला सोडून.

घरात तिचं नाव आम्ही कधी काढलं नाही.
भांडायचो ते पावाच्या सुरीवरून,
शेगडीची राख कुणी काढायची यावरून,
सायकलच्या पंपावरून तर महिनाभर.

फेब्रुवारीत एकदा, खेळ सुटल्यावर,
रस्ता रिकामा पाहून
थिएटरच्या पायरीवर आम्ही तोंड सोडलं.
वर्षभराचं सगळं बाहेर आलं, तिच्या नावासकट.
कोण ऐकतंय, असं वाटलं.
ती समोर होती, दिव्याखाली,
कोटाची कॉलर वर केलेली,
आमच्या तोंडांकडे बघत.
किती वेळची, कुणास ठाऊक.

मग तिचे ओठ हलले. थोडेसेच.
दोघांचेही कान शाबूत,
आणि दोघांनाही वाचता आलं नाही.

मार्चच्या आगगाडीनं ती ऑरहूसला गेली,
मशीन गोणपाटात गुंडाळून.
माझ्या मावशीचा कोट अर्धाच उलटवून राहिला.

आन्कर आता एकोणऐंशीचा.
तिनं त्याचंच नाव घेतलं होतं, म्हणतो.
मी म्हणतो, नुसती वाफ होती.